दहावी चूल

आनंदवल्ली नगर, घर नंबर चार,
स्वामीमलैचा रस्ता, कुंभकोणम.
ता. १४ सप्टेंबर १९५६

तंजावरनिवासी राजमान्य साडूभाऊ अप्पाराव यांस सुंदररावाचा सादर नमस्कार. आम्ही उभयता येथे सुखरूप आहोत (सुखरूप म्हणजे नेमकं काय, ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा). तुमचं पत्र पोचलं. तुमच्या डोळ्यांना नवा चष्मा मानवला हे वाचून आनंद झाला. चि. सौ. नागलक्ष्मीने पाठवलेलं लिंबाचं लोणचं माझ्या वाट्याला फारसं आलं नाही, पण बरणी पाहिली, बरणी उत्तम होती. गृहप्रवेशाला तुम्हा दोघांना येणं जमलं नाही म्हणून तुम्ही तीनदा क्षमा मागितलीत. ती मागू नका. जे आले त्यांची क्षमा अजून मीच मागतो आहे. त्याचं कारण ओघाने येईल.

तुम्ही विचारलंत, की रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं काढून पेन्शन मिळालेल्या शहाण्या माणसाने गावातलं घर, देवळं, बाजार, तलाव, सगळं सोडून तीन मैलांवर, केळीच्या बागांत, घर का घ्यावं? साडूभाऊ, आमच्या जुन्या घराची उत्तरेकडची भिंत तुम्हाला आठवते का? त्या भिंतीपलीकडे पितळेची भांडी ठोकणारे राहतात. नोकरी होती तोवर मी सकाळी आठाला बाहेर पडे तो दिवेलागणीला परत येई, त्यामुळे ते लोक सकाळी थोडं आणि संध्याकाळी थोडं ठोकतात अशी माझी तीस वर्षं समजूत होती. पेन्शन झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी मला कळलं की ते दिवसभर ठोकतात. जेवायला बसलो की ताटातलं सांबार थरथरे. मी एकदा जाऊन नम्रपणे विचारलं, जरा हळू ठोकता येईल का? त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "सामी, हळू ठोकलं तर घागर चपटी होते." मी परत येऊन थरथरतं सांबार संपवलं.

अशा मनःस्थितीत मला महालिंग भेटला. यंदाच्या महामहमला, बारा वर्षांनी येणाऱ्या त्या पर्वणीला, तलावाकाठी जी लाखभर माणसं उभी होती, त्यात हा एकटाच पाण्याकडे पाठ करून उभा होता आणि फिकट निळ्या रंगाची छापील पत्रकं वाटत होता. वर ठळक अक्षरांत 'आनंदवल्ली नगर', आणि खाली सोयींची अशी रांग की वाचता वाचता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दारात बस. गोड पाण्याची विहीर. बाजार हाकेच्या अंतरावर. डॉक्टर शेजारी. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा दोघांना जटक्यात (आमच्याकडचा टांगाच तो) घालून जागा दाखवायला नेलं. घराच्या ओट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "सार, कान देऊन ऐका. काय ऐकू येतं?"

मी ऐकलं. म्हटलं, "काहीच नाही."

"हेच मी विकतो," तो म्हणाला.

साडूभाऊ, मी तिथल्या तिथे होकार दिला. त्रिपुरसुंदरीने फक्त एवढंच विचारलं की विहिरीचं पाणी कसं आहे? महालिंगाने मागच्या दारी जाऊन तांब्या भरून आणला. पाणी गोड होतं, थंड होतं, वर वाळ्याचा वास होता. (विहिरीला वाळ्याचा वास कसा येतो असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मला नाही पडला. जटक्याच्या फळीखाली ठेवलेला रांजण आम्ही पुढच्या महिन्यात पाहिला.)

वैशाखात गृहप्रवेश केला. तीस माणसं आली. ठोकणारे शेजारीसुद्धा आले, मनाने फार चांगले लोक, त्यांनी एक भलामोठा पितळेचा हंडा भेट दिला. होम झाला, ब्राह्मण जेवायला बसायचे, आणि आतून निरोप आला की तुरीची डाळ शिजत नाही. पहाटे चारला चढवलेली डाळ सकाळी दहाला जशीच्या तशी होती, फक्त जरा चिडल्यासारखी दिसत होती. तोवर पाहुण्यांना कॉफी द्यावी म्हटलं, तर विहिरीच्या पाण्याचा काढा दुधात पडताच दूध फुटलं. दुसऱ्यांदा केली, दुसऱ्यांदा फुटलं. अप्पाराव, हे कुंभकोणम आहे. इथे माणसाची अब्रू दोनच गोष्टींवरून ठरते, आणि त्यातली एक कॉफी. माझे पार्सल ऑफिसातले जुने साहेब पेल्यात तरंगणाऱ्या चोथ्याकडे पाहत म्हणाले, "सुंदरराव, हे तुमच्या मराठी लोकांचं काही खास पक्वान्न आहे का?" मी हो म्हणालो. ते प्याले. त्यानंतर त्यांची माझी भेट नाही.

तर विहीर ही अशी खारट. स्नानाला चालते, पण साबणाला फेस येत नाही. तेव्हापासून पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी आम्ही कावेरीच्या घाटावरून आणतो. अर्धा मैल जाणं, अर्धा मैल येणं, दिवसाला दोन खेपा, तो भेट आलेला हंडा आणि एक कळशी. आम्ही कुरकुर करत नाही. पण बांध चढताना गुडघे बोलतात, आणि आमचं वय आता हंडे वाहायचं राहिलेलं नाही.

बसचंही सांगून टाकतो, म्हणजे मन हलकं होईल. पत्रकात 'दारात बस' लिहिलं आहे ते अगदी खरं आहे. स्वामीमलैची बस दिवसातून आठ वेळा आमच्या दारावरून जाते. थांबत नाही. पहिल्या दिवशी मी हात केला, कंडक्टरने उलट नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी छत्री हलवली, त्याने टॉवेल हलवला. तिसऱ्या दिवशी मात्र बस आमच्यापासून शंभर पावलांवर खरोखर थांबली. आम्ही दोघं धावलो, धापा टाकत चढलो, तर कंडक्टर म्हणाला, "इथे स्टॉप नाही."

"मग थांबवलीत कशाला?" मी विचारलं.

"गाय आडवी आली."

आता गावात जायचं असलं की आम्ही घड्याळ पाहत नाही, गाई कधी रस्ता ओलांडतात ते पाहतो. सकाळी साडेनऊची खेप बहुतेक चुकत नाही. एका गाईला तर मी ओळखू लागलो आहे, काळी आहे, कपाळावर पांढरा टिळा. ती बसची बत्ती हुंगेपर्यंत हलत नाही, तेवढ्यात दोन माणसं सहज चढतात.

बाजार हाकेच्या अंतरावर म्हणजे अलमेलू नावाची एक बाई. ती डोक्यावर भाजीची पाटी घेऊन सकाळी रस्त्याने जाते. तिला हाक मारायची. ऐकू गेली तर बाजार थांबतो, नाही तर बाजार स्वामीमलैला निघून जातो. शिवाय आपल्याला काय हवं ते ती ठरवते. मी वांगी मागितली की माझ्या पोटाकडे पाहून पडवळ देते.

पोटाचा विषय निघाला म्हणून सांगतो. 'डॉक्टर शेजारी' हेही पत्रकातलं खोटं नव्हतं. घर नंबर दोनवर 'डॉक्टर जानकीराम' अशी सुरेख पाटी आहे. श्रावणात मला पोटशूळ उठला. असा उठला की मी त्रिपुरसुंदरीला पेन्शनची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत ते सांगून टाकलं. ती जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. भला माणूस, जेवणावरून उठून आला. नाडी पाहिली नाही, पहिल्यांदा माझा कान धरून पाहिला, गरम आहे की थंड. मग खालचा ओठ ओढून हिरड्या पाहिल्या. मला एकही प्रश्न विचारला नाही. सगळे प्रश्न हिला. "कधीपासून खात नाही? बसून राहतो की उठतो? काल कुठे बाहेर काही खाल्लं होतं?" ही अगदी गंभीरपणे उत्तरं देत होती. मग त्यांनी बांबूच्या नळकांड्यात कसलंसं काळं औषध ओतलं, माझी मान मागे केली आणि ते घशात रिकामं केलं. पाठीवर दोन थापा मारल्या. अप्पाराव, तासाभरात पोट थांबलं. संध्याकाळी मी दहीभात खाल्ला. जानकीराम हे तिरुप्पनंदाळकडच्या गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले आहेत, हे मला बरं झाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी बरा झालो नसतो. आता आमची घट्ट मैत्री आहे, मात्र बोलता बोलता ते माझी पाठ थोपटतात तेव्हा मला थोडं अवघडल्यासारखं होतं.

या जानकीरामांनीच मला पहिल्यांदा सांगितलं की आपल्या रस्त्याखालून गोड्या पाण्याची मोठी नळी जाते. मला खरं वाटेना. तेव्हा त्यांनी मला रस्त्यावर पालथं झोपवलं आणि कान जमिनीला लावायला सांगितलं. साडूभाऊ, खाली पाणी वाहत होतं! गोडं, गार, दुसऱ्या कोणाच्या तरी डाळीकडे निघालेलं. (त्याच वेळी बस आली आणि प्रथमच स्वतःहून थांबली. मला काही झालंय असं समजून चार माणसं उतरली. मी उठून उभा राहिलो तेव्हा ती फार नाराज झाली.)

त्याच दुपारी आम्ही नऊ घरांचा अर्ज केला. मी लिहिला, इंग्रजीत, चार ठिकाणी 'नम्रपणे' घालून. रस्त्यावर एक नळ मिळावा, बाकी काही मागणं नाही. अर्ज घेऊन मी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने तो वाचला, दुमडला आणि त्याने वारा घेतला. म्हणाला, दहा चुली असल्याखेरीज नळ नाही. मी म्हटलं, आमची वस्ती दहा घरांची आहे. तो म्हणाला, "घरं नाही सार, चुली. घर बांधून कुलूप लावणारे पुष्कळ. चूल पेटलेली दाखवा."

आमच्या चुली नऊ. दहावं घर महालिंगाचं, न विकलेलं, बंद. किल्ली मात्र माझ्याकडे, कारण गिऱ्हाईक आलं तर घर दाखवायला माझ्यासारखा प्रतिष्ठित चेहरा बरा, असं महालिंगाचं म्हणणं. मी दोन दिवस त्या किल्लीकडे पाहत बसलो. हंडा घेऊन बांध चढताना हिला त्याच दिवसांत भोवळ आली होती, हेही तुम्हाला सांगून ठेवतो. ती कट्ट्यावर बसली, पदराने वारा घेतला आणि पुन्हा निघाली. पण मी पाहिलं. म्हणून जे केलं ते केलं.

गेल्या सोमवारी इन्स्पेक्टर चुली मोजायला येणार असं कळलं. सकाळीच आम्ही दहा नंबरचं कुलूप काढलं. ओटीवर एक चटई टाकली, खुंटीला माझं जुनं अंगवस्त्र लावलं, दारात कोलमची रांगोळी घातली, आणि हिने स्वयंपाकघरात नारळाच्या सोडणांनी चूल पेटवून वर पातेलं ठेवलं. पण महालिंग त्या घराला धुराडं ठेवायलाच विसरला आहे. दहा मिनिटांत घर आतून दिसेनासं झालं. जानकीराम मदतीला धावले आणि त्यांनी खिडकी समजून कपाट उघडलं. एवढ्यात इन्स्पेक्टर आला. सडपातळ, चाळिशीचा, नाकाला रुमाल लावलेला. आवाजाच्या अंदाजाने तो चुलीपर्यंत पोचला आणि पातेल्यावरचं झाकण काढलं. आत नुसतं पाणी.

"काय शिजतंय?" त्याने विचारलं.

"डाळ," त्रिपुरसुंदरी म्हणाली.

"डाळ कुठे आहे?"

"घालायची आहे. इथल्या पाण्याला आधी मनवावं लागतं."

तो खोकला. मीही खोकलो. बाहेर ओट्यावर आल्यावर त्याने वही काढली. इथे कोण राहतं? मी म्हटलं, एक सज्जन कुटुंब. ते कुठे आहेत? तिरुप्पनंदाळला गेलेत, मठात दर्शनाला. सगळे? सगळे. चूल पेटती ठेवून? मी म्हटलं, "फार श्रद्धाळू आहेत." त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं (म्हणजे डोळ्यांतलं पाणी पुसून पुसून जितकं पाहता आलं तितकं). मग घरवाल्याचं नाव विचारलं. मी एक नाव सांगितलं, त्याने लिहून घेतलं. म्हणाला, "येत्या गुरुवारी पुन्हा येतो. माणसं समोर दिसली तर दहावी चूल धरीन. नाही तर अर्ज बंद." आणि खोकत खोकत गाईची वाट पाहायला रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

तर साडूभाऊ, गावाबाहेरच्या घराची ही कथा. तुम्ही कधी या फंदात पडू नका. तंजावरात राहा, माडीवर बसा, दारच्या नळाखाली हात धरा आणि आमची आठवण काढा. कोणी निळं पत्रक दिलं तर त्याची होडी करा. चि. सौ. नागलक्ष्मीस अनेक आशीर्वाद, मुलांना पापा. थोरांच्या लोभाला हा साडू पात्र आहे असं समजून प्रेम कायम ठेवावं.

आपला,
सुंदरराव

ता. क. इन्स्पेक्टरला जे नाव सांगितलं ते तुमचं. दुसरं पटकन सुचलं नाही. दहा नंबरच्या दारावर 'अप्पाराव' अशी पाटी काल रंगवून लावली, पिवळ्यावर काळी, छान दिसते. तेव्हा बुधवारच्या संध्याकाळपर्यंत सहकुटुंब येऊन पोचावं. साडेनऊच्या गाईवर विसंबू नका, जटका करा.

आणखी ता. क. धंदा विचारला तेव्हा तो फार खोकत होता, म्हणून मी तुम्हाला वैद्य केलं. तुम्ही शाळेत भूगोल शिकवता हे मला ठाऊक आहे, पण त्या क्षणी भूगोलाचा उपयोग दिसेना. तो गुरुवारी तुम्हाला घसा दाखवणार आहे. ज्येष्ठमध घेऊन या. मुलं मी चार सांगितली. तुमची दोन आणा, उरलेली दोन डॉक्टर कुठून तरी देतील. पत्र हातात पडताच तार करा.

चि. सौ. नागू, मी त्रिपुरा. पाकिटाला खळ लावून गावात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणोन वाचलं. 'आम्ही पाणी आणतो' असं लिहिलंय. हंडा मी आणते, कळशी मी आणते, हे छत्री आणतात. भोवळ आली हे ह्यांनी पाहिलं होतं, ते मला आज कळलं.

आता ऐक. काल हे महालिंगाशी भांडायला गावात गेले होते, तेव्हा तो इन्स्पेक्टर एकटाच येऊन गेला. मी त्याला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, अम्मा, नुसतं पाणी उकळताना पाहिलं तेव्हाच कळलं. मग मी त्याला डॉक्टरांच्या मागच्या पडवीत नेलं. तिथे त्यांच्या सासूबाई वेगळी चूल मांडून सोवळ्यात रांधतात. म्हटलं, नियमात घरं आहेत की चुली? तो हसला, वही काढली, दहा लिहिले. नळ पुढच्या महिन्यात बसतो. सासूबाईंच्या ताकाने त्याचा खोकलाही थांबला.

हे ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर पत्र फाडून टाकतील, मग तुम्ही कशाला याल? गुरुवारी कोणी येणार नाही. तुम्ही बुधवारी या. अप्पारावांनी ज्येष्ठमध जरूर आणावा आणि ह्यांच्याबरोबर दिवसभर दहा नंबरच्या ओट्यावर इन्स्पेक्टरची वाट पाहत बसावं. आपण दोघी मागल्या दारी केळीखाली बसू. चार महिने झाले, ह्यांच्याखेरीज कोणाशी मराठीत बोलले नाही, आणि ह्यांच्याशी बोलायला बसलं की माझी पाळीच येत नाही.